स्कॅनर मध्येच थांबतो? नवीन मशीन घेण्याआधी बफरचं गणित समजून घ्या



झेरॉक्स, स्कॅनिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं सेंटर सुरू करायचा विचार बरेच जण करतात. आपल्या भंडारा जिल्ह्यात या कामाला मागणीही आहे. धान खरेदीची नोंदणी सुरू झाली की शेतकरी सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन येतो. जून उजाडला की दाखल्यांसाठी पोरांची रांग लागते. लाखनी असो, पवनी असो की तुमसर, गर्दीच्या दिवसात तुमचा स्कॅनर हाच तुमचा गल्ला असतो.

आता समजा, भर गर्दीत स्कॅनर अर्ध्या पानावर थांबला. कॉम्प्युटर म्हणतो, मेमरी मिळाली नाही. किंवा काहीच म्हणत नाही, नुसता लटकतो. बाहेर १५ माणसं उभी आहेत. कोणीतरी सल्ला देतो, "भाऊ, मशीन जुनी झाली, नागपूरहून नवीन आणा." तुम्ही १५-२० हजार रुपये घालून नवीन स्कॅनर आणता. आणि तोही तिथेच थांबतो! कारण बिघाड मशीनमध्ये नव्हताच. तो मधल्या वाटेवर होता. त्या वाटेचं नाव आहे कर्नेलचा बफर.

व्हिडिओत मी स्क्रीनवर कमांड टाकून दाखवल्या आहेत. इथे त्यामागचा हिशोब सविस्तर देतो, म्हणजे कमांड पाठ करायची गरज राहणार नाही. ज्यांना पुढे स्वतःचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर बनवून विकायचंय, त्यांच्यासाठी शेवटी वेगळा भाग आहे.

फाइल २०० केबीची, पण वाटेतून गेले २५ एमबी

पहिला गैरसमज इथेच दूर करू. आपण म्हणतो, "पोर्टलला तर छोटीशी फाइल लागते, मग मेमरी कशी कमी पडेल?" पण पोर्टलवर चढते ती दाबून लहान केलेली फाइल. साधा फ्लॅटबेड स्कॅनर कॉम्प्युटरकडे पाठवतो तो बहुतेक वेळा कच्चा माल असतो, न दाबलेला. दाबण्याचं काम नंतर कॉम्प्युटरमध्ये होतं.

कच्चा माल किती असतो ते मोजू. ए-फोर पान ३०० डीपीआयवर स्कॅन केलं तर आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ ठिपके होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट. गुणाकार करा: २ कोटी ६० लाखांहून जास्त बाइट, म्हणजे जवळपास २५ एमबी. एका पानाचे!

तेच पान ६०० डीपीआयवर घेतलं तर? बरेच जण म्हणतात, दुप्पट. नाही. आडवेही दुप्पट आणि उभेही दुप्पट, म्हणजे चौपट. जवळपास १०० एमबी.

आणि ३०० डीपीआयवरच रंगीतऐवजी ग्रे घेतलं तर साधारण ८ एमबी. शुद्ध काळं-पांढरं घेतलं तर फक्त १ एमबीच्या आसपास. म्हणजे एकाच पानासाठी, एकाच मशीनवर, नुसत्या सेटिंगमुळे १ एमबी ते १०० एमबी इतका फरक पडतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे कामी येणार आहे.

राईस मिलचा हॉपर डोळ्यासमोर आणा

आपल्याकडे राईस मिल सगळ्यांनी पाहिलेली असते. बाहेर ट्रॉलीभर धान उभा असतो. पण कोणी अख्खी ट्रॉली एकदम मशीनमध्ये ओतत नाही. हमाल एकेक पोतं आणून हॉपरमध्ये ओततो, मिल खालून धान ओढत राहते, हॉपर रिकामा झाला की पुढचं पोतं.

स्कॅनिंगमध्ये अगदी हेच होतं. स्कॅनरमधला डेटा म्हणजे ट्रॉलीतला धान. तुमचं स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे मिल. आणि मधला हॉपर म्हणजे बफर. हा हॉपर कर्नेलच्या ताब्यात असतो. कर्नेल म्हणजे फौजेतले कर्नलसाहेब नव्हे, तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, कोणतं उपकरण कधी बोलणार, हे सगळं तो ठरवतो. आणि हमाल कोण? तो ड्रायव्हर. किती मोठं पोतं आणायचं हे ड्रायव्हर ठरवतो.

आता गडबड तीन प्रकारे होते. हमालानं हॉपरपेक्षा मोठं पोतं आणलं, तर ते आत जातच नाही. पोती फारच लहान आणली, तर फेऱ्या वाढतात. आणि मिलच हळू चालत असेल, तर हमाल पोतं खांद्यावर घेऊन उभा राहतो. स्कॅनरच्या जवळपास सगळ्या तक्रारी या तीन प्रकारांत बसतात.

कर्नेल मर्यादा का घालतो?

तुमच्या मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे, मग कर्नेल काही केबींवर का अडतो, असा प्रश्न पडेल.

साध्या सॉफ्टवेअरची मेमरी कमी पडली तर सिस्टिम तिचा काही भाग डिस्कवर नेऊन ठेवू शकते. कर्नेलनं स्वतःसाठी घेतलेली मेमरी अशी हलवता येत नाही, ती रॅममध्येच अडकून राहते. दुसरं म्हणजे, उपकरणाशी बोलताना पुष्कळदा सलग जागा लागते. सर्वसाधारण पीसीवर रॅम ४ केबीच्या पानांमध्ये वाटलेली असते. सकाळी मशीन चालू केली तेव्हा सलग रिकामी पानं भरपूर असतात. दुपारपर्यंत ब्राउझर, प्रिंटर, पीडीएफ सगळं उघडून-बंद करून रिकामी जागा विखुरते. एकूण जागा असते, पण सलग नसते. एस.टी.मध्ये १० सीट रिकाम्या आहेत, पण ५ जणांच्या कुटुंबाला शेजारी-शेजारी जागा नाही, तसं.

म्हणून "सकाळी चालतो, दुपारी अडतो, रीस्टार्ट केला की पुन्हा चालतो" ही तक्रार आली की स्कॅनरवर लगेच संशय घेऊ नका. आधी मेमरी तपासा.

लिनक्सवर ही मर्यादा नेमकी कुठे असते?

कमी भांडवलात सुरुवात करणारे बरेच जण जुन्या कॉम्प्युटरवर उबंटूसारखं मोफत लिनक्स टाकतात. लिनक्सवर स्कॅनर चालवण्यासाठी सेन नावाची सॉफ्टवेअर व्यवस्था वापरतात. पूर्ण नाव, स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी. तिच्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कॅनरसाठी वेगवेगळे ड्रायव्हर असतात. तिथे दोन वाटा समजून घ्यायच्या.

पहिली वाट जुन्या स्कझी स्कॅनरची. मोठे ए-थ्री फ्लॅटबेड, फिल्म स्कॅनर अशी जुनी पण दमदार यंत्रं कधी कधी सेकंडहँड स्वस्तात मिळतात, आणि फोटो स्टुडिओवाल्याला मोह होतो. ही यंत्रं लिनक्समध्ये एसजी नावाच्या कर्नेल ड्रायव्हरमधून बोलतात. त्याचा राखीव बफर मुळात ३२ केबीचा. जुन्या काळी हा आकडा कर्नेल तयार करतानाच ठरायचा. बदलायचा तर अख्खा कर्नेल पुन्हा तयार करावा लागे. १९९९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.२ मालिकेत ही सोय सुधारली आणि सॉफ्टवेअरला चालू कामातच "मला एवढा बफर दे" अशी मागणी करता येऊ लागली. सेन आज १२८ केबीपर्यंत मागतं, आणि तो आकडा एका सेटिंगनं बदलता येतो.

दुसरी वाट यूएसबीची, आजचे बहुतेक स्कॅनर तिथूनच चालतात. सेन त्यासाठी यूएसबीएफएस नावाची वाट वापरतं. पूर्वी तिथे एका बल्क मागणीला १६ केबीची सीमा होती. नंतर ती पद्धत बदलून सगळ्या यूएसबीएफएस मागण्यांना मिळून १६ एमबी अशी एकूण मर्यादा आली. "सगळ्यांना मिळून" हे शब्द महत्त्वाचे. दोन स्कॅनर आणि बोटांचे ठसे घेणारं एखादं यंत्र याच वाटेनं चालत असेल, तर १६ एमबी त्यांच्यात वाटले जातात.

साध्या फ्लॅटबेडला १६ एमबी सहसा कमी पडत नाहीत, कारण चांगला ड्रायव्हर छोटे तुकडे मागतो. अडचण येते ती एकदम पुष्कळ तुकडे रांगेत लावणाऱ्या वेगवान यंत्रांना. म्हणून इंटरनेटवर कोणी सांगितलं की ही मर्यादा १,००० एमबी करा, तर डोळे झाकून करू नका. ती सूचना बहुतेक वेळा औद्योगिक कॅमेऱ्यांसाठी दिलेली असते.

विंडोजवाल्यांनी हे का वाचायचं?

तिथेही ड्रायव्हर डेटा तुकड्यांतच आणतो. फक्त मर्यादा कंपनीच्या ड्रायव्हरच्या पोटात लपलेली असते, तुम्हाला दिसत नाही. पण खालची तपासणी विंडोजवरही तशीच करायची.

१० मिनिटांची तपासणी

स्कॅनर अडला की हा क्रम धरा. क्रम बदलू नका.

१. आधी ७५ डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. हे पान जेमतेम दीड एमबीचं असतं. इथेही अडत असेल तर बफरचा विषय बाजूला ठेवा. केबल, पोर्ट, परवानगी किंवा ड्रायव्हर बघा.

२. मग १५०, ३०० आणि ६०० डीपीआय असं वर जा. खाली चालतो आणि वर अडतो, तर संशयाची सुई मेमरी-बफरकडे.

३. जिथे अडला तिथेच रंगीतऐवजी ग्रे करून बघा. डेटा एक तृतीयांश होतो. ग्रे चाललं तर संशय आणखी पक्का.

४. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून, दुसरं काहीही न उघडता, तेच स्कॅन पुन्हा करा. चाललं तर मेमरी विखुरल्याची किंवा संपल्याची शक्यता मोठी.

५. यूएसबीचं दुसरं यंत्र काढून पुन्हा करा. चाललं तर मर्यादा वाटली जातेय, किंवा हबला भार सोसत नाहीये. मग स्कॅनर थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा.

६. लिनक्सवर असाल तर कर्नेलची नोंदवही उघडा. कमांड व्हिडिओत आहे. तिथे मेमरी मिळाली नाही अशी ओळ दिसली, तर पुरावा हातात आला.

सगळे निकाल वहीत लिहा: तारीख, डीपीआय, रंग, चाललं की अडलं. दुरुस्तीवाल्याकडे गेलात तरी ही वही दाखवा. उगाच बोर्ड बदलण्याचं बिल लागणार नाही.

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे सेटिंग. सातबारा, दाखला, पासबुक अशा कागदांना पोर्टलसाठी २०० ते ३०० डीपीआय पुरतं. ६०० वर घेऊन नंतर दाबून लहान करणं म्हणजे ट्रॉलीभर धान आणून एक पायली दळण्यासारखं आहे. कागद लहान असेल तर अख्खी काच स्कॅन करू नका, तेवढाच भाग निवडा.

दुसरा उपाय, ड्रायव्हर अद्ययावत करणं. तो फुकट आहे. तुकडे नीट न पाडण्याच्या चुका नवीन आवृत्तीत दुरुस्त झालेल्या असू शकतात.

तिसरा, केबल आणि पोर्ट. जुन्या यूएसबी १.१ पोर्टची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला १ एमबीच्या आसपास. २५ एमबीच्या पानाला नुसता डेटा यायलाच अर्धा मिनिट गेलं. यूएसबी २.० ची कमाल गती ४८० मेगाबिट आहे.

चौथा, मर्यादा वाढवणं. लिनक्सवर यूएसबीएफएसची मर्यादा वाढवायची तर १६ वरून ३२, मग ६४ असं टप्प्यानं जा आणि प्रत्येक टप्प्याला तपासा. हा आकडा म्हणजे लगेच अडकवलेली मेमरी नाही, ती फक्त वरची सीमा आहे. पण ४ जीबीच्या मशीनवर सीमा फार सैल केली, तर एखादं बिघडलेलं सॉफ्टवेअर सगळ्या मशीनला घेऊन बसू शकतं. आणि हा बदल रीस्टार्ट केल्यावर जातो. टिकवायचा असेल तर तो बूटच्या सेटिंगमध्ये लिहावा लागतो. "काल तर चालला होता" या तक्रारीचं कारण अनेकदा हेच असतं.

पाचवा, रॅम वाढवणं. आणि सगळ्यात शेवटी, सहावा उपाय, नवीन स्कॅनर.

पूर्ण होतो, पण थांबत-थांबत: हा तोटा दिसत नाही

कधी कधी स्कॅन अडत नाही, पण स्कॅनरचा दिवा पुढे जातो, थांबतो, थोडा मागे येतो, पुन्हा पुढे जातो. कॉम्प्युटर वेळेवर डेटा उचलत नाहीये, म्हणून स्कॅनरचा स्वतःचा छोटा बफर भरतो आणि त्याला थांबावं लागतं. हमाल पोतं घेऊन उभा आहे, तो हा प्रसंग. यात यंत्राची झीज होते आणि चित्रात जोडाची रेघ दिसू शकते.

पण धंद्याचा खरा तोटा वेळेचा. समजा एखाद्या सेवा सहकारी संस्थेचे जुने रजिस्टर स्कॅन करायचं काम तुम्हाला मिळालं. २०,००० पानं. थांबत-थांबत चालल्यामुळे प्रत्येक पानाला २० सेकंद जास्त लागतात. २० सेकंद काय मोठी गोष्ट, असं वाटतं. गुणाकार करा: ४ लाख सेकंद, म्हणजे १११ तास. रोज ८ तास बसलात तरी जवळपास १४ दिवस फुकट. त्या १४ दिवसांची मजुरी, वीज आणि दुकानाचं भाडं तुम्ही कोटेशनमध्ये धरलं होतं का?

म्हणून मोठ्या कामाचं कोटेशन देण्याआधी त्याच कागदांची, त्याच सेटिंगवर, सलग ५० पानं स्कॅन करा आणि घड्याळ लावा. एक पान नाही, ५० पानं. मशीन तापल्यावर आणि मेमरी भरल्यावर जो वेग उरतो, तोच तुमचा खरा वेग.

ज्यांना स्वतःचं सॉफ्टवेअर बनवायचंय

इंजिनिअरिंग किंवा आयटीआय केलेले काही जण स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर बनवून सेंटरवाल्यांना विकायचा विचार करतात. चांगली कल्पना आहे. पण ग्राहकाकडची मशीन तुमच्यासारखी नसते. तुमच्याकडे १६ जीबी, त्याच्याकडे ४. म्हणून हे नियम पक्के करा.

विचारा, गृहीत धरू नका. बफरचा आकडा कोडमध्ये ठोकून बसवू नका. सिस्टिमला मागा, आणि तिनं प्रत्यक्षात किती दिला ते पुन्हा वाचा. १२८ केबी मागितले म्हणून १२८ मिळाले असं नसतं. मागितलेला आकडा धरून चालणं ही इथली नेहमीची चूक आहे.

पूर्ण ओळींत कापा. ए-फोर, ३०० डीपीआय, रंगीत: एक ओळ ७,४४० बाइटची. ३२ केबी म्हणजे ३२,७६८ बाइट. त्यात ४ पूर्ण ओळी बसतात. ३,५०८ ओळींना ८७७ फेऱ्या. ६०० डीपीआयवर ओळ १४,८८० बाइटची होते, २ च ओळी बसतात, ७,०१६ ओळींना ३,५०८ फेऱ्या. बफर १२८ केबी मिळाला तर ८ ओळी बसतात आणि फेऱ्या पुन्हा ८७७ वर येतात. मोठ्या बफरचा फायदा हा असा मोजता येतो.

एक ओळही बसली नाही तर? १,२०० डीपीआय आणि प्रत्येक रंगाला १६ बिट घेतले तर एक ओळ ५९,५२० बाइटची होते. ३२ केबीत ती बसणारच नाही. अशा वेळी तुमच्या हिशोबात "ओळी = ०" येतं आणि सॉफ्टवेअर अनंत फेऱ्यांत अडकतं किंवा कोसळतं. हा प्रसंग आधीच धरा. यंत्र अर्धी ओळ देत असेल तर तुकडे जोडा, देत नसेल तर ग्राहकाला सरळ सांगा की या मशीनवर एवढं रेझोल्यूशन चालणार नाही.

नकार आला तर निम्मं मागा. १२८ ला नाही म्हटलं तर ६४, मग ३२. लगेच हात वर करू नका.

कमी आलं तरी चालवून घ्या. ३० हजार बाइट मागितले आणि २० हजार आले, तर तो नेहमीच बिघाड नसतो. उरलेले पुन्हा मागा.

अख्खं पान मेमरीत धरू नका. ओळी येतील तशा फाइलमध्ये लिहीत जा. १०० एमबीचं पान मेमरीत, त्याची फिरवलेली प्रत मेमरीत, वर पीडीएफची प्रत, असं केलं की ४ जीबीची मशीन गुडघ्यावर येते.

चुकीचा संदेश माणसाच्या भाषेत द्या. "एरर १२" वाचून साकोलीच्या सेंटरवाल्याला काय कळणार? "मेमरी कमी पडली. ३०० डीपीआय किंवा ग्रे निवडा" असं मराठीत लिहा. तुमचा सपोर्टचा फोन निम्मा वाजेल. ग्राहक टिकतो तो इथे.

आजचं काम

आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी एवढंच करा. एकच कागद घ्या. ७५, १५०, ३०० आणि ६०० डीपीआय, प्रत्येकी रंगीत आणि ग्रे, असे ८ स्कॅन करा. प्रत्येकाला किती सेकंद लागले ते एका कागदावर लिहा आणि तो कागद स्कॅनरच्या वर भिंतीला चिकटवा. कोणत्या कामाला कोणतं सेटिंग आणि किती वेळ, हे तुम्हालाही कळेल आणि उद्या कामावर ठेवलेल्या मुलालाही.

मशीनची मर्यादा ही लाजेची गोष्ट नाही. मिलवाल्याला आपला हॉपर किती पोत्यांचा आहे हे माहीत असतं, म्हणून तो ट्रॉलीला बरोबर वेळ सांगतो. तुम्हाला तुमच्या स्कॅनरचा हॉपर माहीत असला की ग्राहकाला वेळ बरोबर सांगाल, कोटेशन बरोबर द्याल आणि नको तिथे भांडवल अडकवणार नाही.

पुढच्या व्हिडिओत याच सेंटरसाठी प्रति पान दर कसा ठरवायचा ते बघू. तोपर्यंत तपासणीची वही तयार ठेवा.